पाठीमागचा माणूस

माझ्या भावाचा नातू मोबाइलवर खेळांबद्दल बोलून व्हिडिओ टाकत असतो. कोणता खेळ चांगला, कोणता टाकाऊ, कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये. परवा तो एक जपानी तलवारीचा खेळ लावून बसला होता आणि मी मागे लसूण सोलत होते. मी म्हटलं, "हा तर आमच्याकडे होता." तो हसला. "आजी, हा मागच्या वर्षी निघालाय." मी म्हटलं, हा नसेल तर याचा आजा असेल. काम तेच. एक माणूस, एक तलवार, समोर येईल त्याला काप. तो म्हणाला याला हॅक अँड स्लॅश म्हणतात. आम्ही कापाकापी म्हणायचो. मग त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "तुमच्या खेळात चांगलं काय होतं आणि वाईट काय होतं, सांग." मी त्याला लसूण सोलायला लावला. मला मोबाइलशी बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं, म्हणून इथे लिहिते.

सुरतच्या लिंबायतला आमचं घर म्हणजे पुढे एक लांब खोली आणि मागे स्वयंपाक. पुढच्या खोलीत माणसं झोपायची. माझी माय खानावळ चालवायची. धुळे-नंदुरबारकडून एकटी आलेली लूमवरची, म्हणजे कापडाच्या मागावरची पोरं आमच्याकडे जेवायची आणि आमच्याकडेच पडायची. दिवसपाळीची गेली की रात्रपाळीची यायची आणि त्याच गोधडीवर झोपायची. गोधडी कधी थंड झाली नाही आणि कधी नीट वाळली नाही. घामाचा, तेलाचा आणि सुताच्या धुळीचा एक वास त्या खोलीला होता. साबणाने तो जायचा नाही. माझा भाऊ, मी त्याला दादा म्हणते, तोही रात्रपाळीला होता. वडील, नाना, दिवसपाळीला. मी आणि माय सकाळपासून भाकरी थापायचो. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. वरण-बट्टी फक्त सुटीच्या दिवशी. माझे तळहात तेव्हा जे भाजले ते अजून तसेच आहेत, गरम तवा उचलला तरी कळत नाही.

लूमच्या शेडला सुरतमध्ये खातं म्हणतात. आमच्या भिंतीमागेच एक खातं होतं. तो खडखडाट दिवसरात्र चालायचा. भिंतीला हात लावला तर हाताला मुंग्या यायच्या. खात्याच्या आत माणूस माणसाशी बोलू शकत नाही. तिथे ओठ बघून बोलतात, हातांनी बोलतात. तार तुटली, धोटा अडकला, चहा आला, शेठ आला, प्रत्येकाची वेगळी खूण. हीच सवय पोरं घरी घेऊन आली, आणि ती आम्हाला सोयीची पडली, कारण घरात सदा कोणी ना कोणी झोपलेलं. मायचा एकच नियम होता, आवाज करायचा नाही. म्हणून आमच्या घरात सगळे ओठांनी बोलायचे. माय स्वयंपाकघरातून ओठ हलवायची, "जेवाले ये," आणि माणूस उठून यायचा. बाहेरून आलेल्याला वाटायचं की हे मुक्यांचं घर आहे. टीव्हीसुद्धा मुका. कोणी आवाज वाढवू नये म्हणून मायने आवाजाचं बटणच टीव्हीतून उपटून तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकलं होतं. सिनेमे आम्ही तसेच बघायचो. ओठ वाचता येत होते, त्यामुळे फारसं काही अडलं नाही. गाणी तेवढी समजायची नाहीत.

तो खेळ दादाने आणला. त्याच्या शेठच्या पोराला नवीन मिळाला, म्हणून जुना याला दिला. काळा डबा, दोन रिमोट, आणि डब्यात अडकून बसलेली एक कॅसेट. ती कशानेच निघाली नाही. म्हणजे आयुष्यभर एकच खेळ. वर जपानी अक्षरं होती, नाव कोणालाच वाचता आलं नाही. आम्ही त्याला जपानवाला म्हणायचो.

आता चांगलं काय ते आधी सांगते. तलवार हुकमात होती. बटण दाबलं की त्याच क्षणी चालायची, वाट बघायला लावायची नाही. आमच्या घरातल्या कुठल्याच वस्तूबद्दल असं म्हणता येत नव्हतं. स्टोव्ह दहादा काडी लावल्याशिवाय पेटत नव्हता. दुसरं म्हणजे, प्रत्येक शत्रूला त्याची एक खोड होती. भालेवाला मारायच्या आधी एक पाऊल मागे जायचा. साखळीवाला आधी खाली वाकायचा. खोड ओळखली की माणूस तुमचा. यात मला गंमत वाटायची, कारण माणसांचंही तसंच असतं आणि ते कळायला मला फार वेळ लागला. तिसरं, त्यात बर्फ पडायचा. लाकडी देवळं, वाकडी झाडं आणि वरून संथ बर्फ. सुरतच्या उकाड्यात, पंखा रात्रपाळीवाल्यांच्या अंगावर लावलेला आणि मी पिठाच्या हाताने रिमोट धरलेला, तेव्हा तो बर्फ बरा वाटायचा. मध्ये एक जागा अशी होती की तिथे तो माणूस शेकोटीपाशी बसून काहीतरी प्यायचा आणि त्याला जीव परत मिळायचा. तिथे पोचले की मीही हातपाय सोडून बसायची.

वाईट पुष्कळ होतं. तीच चार माणसं परत परत यायची. पुढे आलेला शत्रू आधीच्याहून जबर असायचा, पण दिसायला तोच. म्हणे रंग बदललेला असायचा, पण आमचा टीव्ही काळापांढरा, आम्हाला मार खाल्ल्यावर कळायचं. खाली बसून तलवार फिरवायची एवढी एक युक्ती आली की अर्धा खेळ डोकं न वापरता पार व्हायचा, अंगठा तेवढा सुजायचा. खेळ कुठपर्यंत आला हे डब्याच्या लक्षात राहत नसे. लाइट गेली की परत पहिल्या देवळापासून. आणि किल्ल्यात एक बाई कोंडलेली होती. तिने काही करायचं नाही, फक्त खिडकीत उभं राहायचं. तिला भाकरी कोण देत होतं कोण जाणे.

पण सगळ्यांत मोठा दोष म्हणजे पाठीमागचा माणूस. किल्ल्याच्या लांब ओसरीत तुम्ही पुढे बघून चालत असता आणि मागून एक जण येऊन तुमचा गळा कापतो. त्याला खोड नाही, खूण नाही. दिसतो तेव्हा तुम्ही मेलेले असता. आमच्याकडे कोणीच त्या ओसरीच्या पलीकडे गेलं नव्हतं. युवराज नावाचा शिरपूरकडचा एक पोरगा होता, बोलका, खेळाचा सगळ्यांत जास्त नाद त्याला. रात्रपाळी करून यायचा आणि झोपायच्या आधी एकदा तरी मरायचाच. रिमोट गोधडीवर आपटून ओठांनी शिव्या द्यायचा. "बेईमान शे हाऊ जपानवाला! पाठमांगून मारस. मर्दासारखा समोर ये ना!"

दादा म्हणायचा, "तू मांगे बघ ना मग."

"मांगे बघू तर पुढला मारस."

"मंग मर."

असं रोज. मी ऐकत, म्हणजे बघत, भाकरी थापायची.

त्या वर्षी घरात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. खात्यात हिरामण मास्टर होते. लूम बिघडली की दुरुस्त करणारा तो मास्टर. त्याला पाळी नाही, रात्र नाही, शेठ त्याला खुर्ची देतो. हिरामण मास्टर थकले होते आणि दिवाळीनंतर हाताखाली दादाला घ्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. नाना सगळ्या गल्लीत सांगत फिरले होते. मायने दादासाठी पोरगी बघायला सुरुवात केली होती. हिरामण मास्टरची ख्याती अशी, की डोळे मिटून खात्यातून चालायचे आणि त्या एवढ्या खडखडाटात बोट दाखवायचे, ही लूम. उघडली की तीच बिघडलेली निघायची. नाना म्हणायचे, "मन्हा पोऱ्या बी तसाच व्हई. कान पाह्यजे बस, कान." आणि हे नाना एवढ्या मोठ्याने बोलायचे की माय झोपलेल्यांकडे बघून डोळ्यांनी माफी मागायची. घरात ओठांनी न बोलणारे ते एकटेच, कारण आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना समजायचंच नाही. लूमवरचे सगळे म्हातारे असेच असतात, त्यात कोणाला काही वाटायचं नाही.

दिवाळीला खाती बंद होतात. पोरं ट्रंका घेऊन भुसावळच्या गाडीला लटकून गावी गेली. आम्हीही जाणार होतो, पण मायला मलेरिया झाला आणि आम्ही राहिलो. लिंबायत रिकामं झालं. भिंतीमागचं खातं थांबलं तेव्हा मला पहिल्या दिवशी चक्कर आल्यासारखं झालं. बोटीवरून जमिनीवर उतरल्यावर होतं म्हणतात तसं. कुत्री भुंकलेली ऐकू आली. शेजारी कोणाचं तरी पोर रडत होतं, ते कधीपासून रडत होतं देव जाणे. मायच्या अंगावरची सोडून सगळ्या गोधड्या मी धुऊन गच्चीवर टाकल्या आणि पुढची खोली पहिल्यांदा नुसती खोली दिसली.

मायला वरणाचं पाणी द्यायला मी डाळीचा डबा उघडला आणि ते बटण हाताला लागलं. पुसून टीव्हीला लावलं. दादा खेळत होता. मी बटण फिरवलं आणि खेळातून आवाज आला. सनई नाही आणि बासरी नाही, असं काहीतरी जपानी वाजत होतं. तलवारीचा सपकारा होता. बर्फाच्या जागी वाराही होता. दादाने मान डोलावली आणि खेळत राहिला. आम्ही आळीपाळीने खेळलो. माझी पाळी आली, मी किल्ल्याच्या ओसरीत पोचले आणि चालताना मागून आवाज आला. टक. टक. टक. लाकडावर लाकडाचा. मी उलटून तलवार मारली. पाठीमागचा माणूस मरून पडला.

मला आधी वाटलं नशीब. पुढच्या वेळी परत टक टक, परत उलटले, परत मेला. तो लाकडी चपला घालून यायचा. प्रत्येक वेळी वाजवत यायचा. त्याचीही खोड होती, ती आम्ही बंद करून डाळीच्या डब्यात टाकली होती. वर्षभर आम्ही त्याला बेईमान म्हणत होतो आणि तो बिचारा सांगून येत होता. मला एवढं हसू आलं की मायने आतून विचारलं, "काय व्हयनं गं?"

मी रिमोट दादाकडे दिला. "ऐक आता. चपला वाजल्या की वळ."

तो ओसरीत गेला. टक, टक, टक. वळला नाही. मेला. मी म्हटलं, "अरे वाजल्या ना." म्हणाला, लक्ष नव्हतं. परत गेला. परत वाजल्या. परत मेला. तिसऱ्यांदा मी आवाज पूर्ण वाढवला. चपला एवढ्या मोठ्याने वाजल्या की मायने कानावर हात ठेवले. दादा पुढे बघत चालत होता, दातांत जीभ धरून, आणि मागचा त्याच्यापर्यंत चालत आला.

मी उठून त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. साध्या आवाजात म्हटलं, "दादा." मग जरा मोठ्याने, "दादा, चहा करू?" त्याने चहाला कधी नाही म्हटलं नव्हतं. तो वळला नाही. मग मी पुढे आले, त्याला माझा चेहरा दिसला, आणि मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "चहा करू?" तो म्हणाला, "कर."

मी गोड बोलायला शिकले नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. मी म्हटलं, "दादा, तुले ऐकू येस नही."

"येस ना. आते बोललो की तुझ्याशी."

"ओठ बघून बोलला. मी आवाज काढलाच नव्हता."

नाना दारात विडी ओढत होते, त्यांना अर्थातच काही ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "लूमवर सगळ्यासना कान जातस. काय मोठं?" मी म्हटलं, "नाना, मास्टरले कान पाह्यजे. तुम्हीच सांगतात ना सगळ्यांना." तेव्हा त्यांची विडी विझली ती त्यांनी परत पेटवली नाही. माय गोधडीतून म्हणाली, हे दाराच्या बाहेर जाऊ देऊ नका, पोरगी बघायची आहे. कोणी म्हणालं नाही की डॉक्टरकडे जाऊ. आम्ही डॉक्टरकडे तापासाठी जायचो. कानासाठी डॉक्टर असतो हे आम्हाला माहीत नव्हतं.

दादा खेळ तसाच टाकून बसला होता. मग मला म्हणाला, "आवाज बंद कर."

"राहू दे ना."

"बंद कर म्हणतो ना. लोकं झोपेल शेतस."

खोलीत कोणी नव्हतं. गोधड्या गच्चीवर वाळत होत्या. मी आवाज बंद केला.

दोन-तीन दिवस त्याने रिमोटला हात लावला नाही. दुपारी जेवायचा आणि दारात बसायचा. रस्त्यावरून रिक्षा गेली की डोळे मिटायचा, मग उघडून बघायचा की गेली का. स्वतःची परीक्षा घेत होता. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, त्याने ताटात टाकायचं ते टाकलं, आणि उठताना म्हणाला, "लाव तो जपानवाला. आवाज राहू दे. तू मांगे बस."

मी त्याच्या पाठीमागे बसले, त्याच्या पाठीला हात टेकून. चपला वाजल्या की मी बोटाने टोचायची आणि तो वळायचा. पहिल्यांदा उशिरा वळला, मेला. मला म्हणाला, "लवकर टोच ना, झोपली का?" मी म्हटलं, "तुझी पाठ केवढी, बोट पोचेपर्यंत दिवाळी संपते." मग जमलं. ओसरी पार झाली. पुढे जिना होता, जिन्यावरही तोच. त्यानंतरचं दालन आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं. तिथे शिंगांचं शिरस्त्राण घातलेला त्यांचा सरदार बसला होता. त्याच्याशी लढताना मला काही काम नव्हतं, तो समोरून लढत होता. दादाने त्याला पाडला. माझा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला होता, पाठ घामाने भिजली होती.

आम्ही वाट बघत बसलो. ती खिडकीतली बाई खाली आली, दोघं उभे राहिले, जपानी अक्षरं वरून खाली सरकत गेली. ती काय होती ते आम्हाला आजही माहीत नाही. मग पडदा काळा झाला, आणि परत बर्फ. पहिलं देऊळ. तोच माणूस, हातात तीच तलवार, आणि समोरून तोच पहिला भालेवाला पाऊल मागे घेत होता.

दादा म्हणाला, "परत तेच?"

मी म्हटलं, "परत तेच."

"एवढं करून?"

खेळाचा खरा सगळ्यांत मोठा दोष हा, हे मी भावाच्या नातवाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता की जुन्या खेळांमध्ये तसंच असायचं. असेल. पण मी माझ्या भावाचं तोंड पाहिलं होतं. त्याने रिमोट खाली ठेवला, आपटला नाही, आणि त्या भालेवाल्याने त्याला मारेपर्यंत नुसता बघत राहिला.

लाभपाचमला, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीला, खाती उघडली. दादा हिरामण मास्टरांकडे गेला आणि आपण होऊन सांगून आला की कान नाहीत. तिथून तो लूमवरही गेला नाही. रिंग रोडच्या एका कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायचं काम धरलं. उभं राहून दिवसभर घडी घालायची, बायकांचं काम, असं नाना म्हणाले. मास्टरची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. बघितलेली पोरगी गेली, पुढे दुसरी आली, ती माझी वहिनी, तिचा आवाज ईश्वरकृपेने मोठा आहे. दादाचे कान जेवढे उरले होते तेवढे आजही आहेत. खिशात कानाचं मशीन असतं. नातू खेळायला बसला की तो ते काढून ठेवतो.

पण मला लिहायचं होतं ते त्याच आठवड्यातलं. पोरं गावाहून परत आली, खोली भरली, गोधड्यांना परत तो वास लागला. मायने बटण उपटून डाळीच्या डब्यात टाकलं. भिंतीमागचं खातं सुरू झालं. सकाळी रात्रपाळीवाले येऊन ओळीने आडवे झाले आणि युवराज नेहमीसारखा झोपायच्या आधी खेळायला बसला. दादा नव्या कामाला निघाला होता, दारात उभा राहून शर्टाची बटणं लावत होता. युवराज ओसरीत शिरला, चालला, मागच्याने गळा कापला. युवराजने ओठांनी शिवी दिली, "बेईमान," आणि परत सुरू केलं.

दादा त्याच्या पाठीमागून म्हणाला, "तो सांगीसन येस रे, युवराज."

युवराज वळला नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि त्या घरात कोणी कधी ओरडलं नव्हतं इतक्या मोठ्याने ओरडला, "तो सांगीसन येस!"

स्वयंपाकघरात मायच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. शेजारची बाई खिडकीतून डोकावली. युवराज खेळत राहिला. आणि ज्यांची झोप मोडू नये म्हणून आम्ही ते घर मुकं ठेवलं होतं, त्या ओळीने झोपलेल्या पोरांपैकी एकानेही कूस बदलली नाही.